भांड्यावरचं नाव

1999 चा जुलै. क्रिकेटचा वर्ल्डकप संपून महिना होत आला होता, बातम्यांत कारगिल होतं, बाहेर पावसाची झड लागलेली. रविवारी रात्री जेवणं आटोपल्यावर बाबा रिमोट घेऊन उगीच चॅनेल फिरवत बसले होते, ते एका ठिकाणी थांबले. पडद्यावर एक गोरा माणूस ओढ्याकाठी बूट काढत होता. मग मोजे काढले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि काठी सावरत तो पाण्यात उतरला.

"हा काय खेकडे धरायला उतरलाय का?" बाबा म्हणाले.

गोल्फबद्दलचं आमच्या घरातलं ज्ञान तेव्हा एवढंच होतं. तरी आम्ही दोघं पुढचा तासभर तिथून हललो नाही.

तो माणूस म्हणजे फ्रान्सचा ज्याँ व्हान द वेल्द, ते मैदान स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी, आणि ती स्पर्धा 'द ओपन', म्हणजे आपल्याकडचे पेपर जिला ब्रिटिश ओपन म्हणतात ती, हे सगळं नंतर कळलं. गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत बॉल भोकात घालायचा असतो, आणि अशा एकेका टप्प्याला होल म्हणतात. चार दिवसांच्या 72 होलपैकी 71 होल झाले होते आणि गडी तीन फटक्यांनी पुढे होता. शेवटचा होल चार फटक्यांचा. सहा लागले असते तरी तो जिंकला असता. पहिला फटका भरकटला, पण वाचला. आता साधा, सावध फटका मारून पुढे सरकायचं, तर यानं लांबचा मारला. बॉल प्रेक्षकांच्या गॅलरीच्या लोखंडी दांडीवर आदळला, ओढ्याच्या दगडी भिंतीवरून उसळला आणि मागे येऊन दाट गवतात पडला. तिसरा फटका थेट ओढ्यात. मग तो पाण्यात उभा राहून बॉलकडे बघत बसला. पाण्यातूनच मारावा का, असं त्याच्या मनात असावं. बॉल हळूहळू खाली बसत गेला. शेवटी बिचारा दंडाचा एक फटका घेऊन वर आला, पुढचा फटका वाळूच्या खड्ड्यात घातला, तिथून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवतावर आला आणि शेवटचा पुट, म्हणजे बॉल भोकात ढकलायचा हलका फटका, मात्र झोकात टाकला. एकूण सात. तिघांची बरोबरी झाली आणि चार होलच्या जादा खेळात पॉल लॉरी नावाचा स्कॉटलंडचाच खेळाडू जिंकला. त्या दिवशी सकाळी तो 10 फटक्यांनी मागे होता.

या गोष्टीत सगळे व्हान द वेल्दसाठी हळहळतात. मला वाईट वाटतं ते लॉरीचं. दहा फटके भरून काढायचे, पावसात जादाचे होल खेळायचे, जिंकायचं, आणि पंचवीस वर्षांनंतरही लोकांनी आठवण काढायची ती ओढ्यात उभ्या राहिलेल्या माणसाची! पण त्या स्पर्धेचा जो चषक आहे, त्याला ओढा ठाऊक नाही. त्याच्यावर 1999 पुढे पॉल लॉरीचं नाव आहे आणि बाकी काही नाही.

हे नाव कोरणं हा एक बघण्यासारखा प्रकार असतो. ते काम कित्येक वर्षं एकाच घराकडे आहे, बापानंतर मुलगा. शेवटच्या होलपाशी हा कारागीर चषक घेऊन बसतो, आणि कोण जिंकणार हे नक्की झालं की बक्षीस समारंभाच्या आत, काही मिनिटांत, नाव घालून देतो. मी पहिल्यांदा टीव्हीवर त्याला पाहिलं तेव्हा मला तुळशीबागेजवळचं एक भांड्यांचं दुकान आठवलं. 'भांड्यांवर नावे घालून मिळतील' अशी पाटी, आणि आत स्टुलावर बसलेले एक चष्मेवाले काका. डाव्या हातात पातेलं तिरकं धरायचे, उजव्या हातात ते घरघरणारं यंत्र. आधी खडूनं नाही, पेन्सिलीनं नाही, थेट सुरुवात. पहिलं अक्षर सुरू झालं की दात शिवशिवायचे. नाव झालं की फुंकर मारून भुकटी उडवायची आणि अंगठा फिरवून बघायचा. आमच्या घरातल्या जुन्या पितळी भांड्यांवरची नावं त्याआधीची होती, छिन्नीनं ठोकलेली, ठिपक्या-ठिपक्यांची. त्यातल्या कित्येक माणसांना पाहिलेलं कुणी आता उरलेलं नाही. पण चिंचेनं घासलं की ठिपके उजळायचे.

तर हा चषक म्हणजेही शेवटी भांडंच. फ्रान्सच्या बोर्दोकडची लाल वाइन, तिला इंग्रज क्लॅरेट म्हणतात, ती ओतायचा चांदीचा जग. 'क्लॅरेट जग' हेच नाव रूढ आहे. अधिकृत नाव वेगळं आणि कंटाळवाणं आहे. त्याच्यावरची नावं मी एकदा क्रमानं वाचत गेले आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की सुरुवातीची कित्येक नावं गड्यांची आहेत. गडी म्हणजे खेळगडी नव्हे, घरगडी म्हणतो त्या अर्थानं. साहेबांच्या काठ्या वाहणारे कॅडी, गवत राखणारे, बॉल शिवणारे.

बॉल शिवणारे हे अगदी शब्दशः. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा बॉल म्हणजे चामड्याची इवलीशी पिशवी, आणि तिच्यात ठासून भरलेली, उकडून ओली केलेली पिसं. एका बॉलला टोपीभर पिसं लागत. कसलेल्या हाताचा कारागीरही दिवसाला तीन-चारच बॉल करू शके. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन या कामातला उस्ताद, आणि खेळण्यातही त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. टॉम मॉरिस हा त्याच्याकडे उमेदवारी केलेला पोरगा. मग 1848 च्या सुमारास गटापर्चाचे बॉल आले. मलायाकडच्या झाडाचा हा चीक, गरम केला की मऊ, गार झाला की टणक. (हा चीक सेंट अँड्र्यूजला कसा पोचला याची एक गोष्ट सांगतात: कुणा पाद्रीबाबांकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती फुटू नये म्हणून भोवती गटापर्चा भरलेला होता. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण आपल्याला आवडावी अशी आहे खरी.) पिसांच्या बॉलवर पोट असलेल्या अ‍ॅलनला हा प्रकार म्हणजे अन्नावर गदा वाटला. एके दिवशी टॉम त्या नव्या बॉलनं खेळताना त्याला दिसला आणि गुरु-शिष्यांचं फाटलं. 1851 मध्ये टॉम पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला गेला. तिथल्या नव्या क्लबानं त्याला मैदान राखायला ठेवलं होतं.

1859 मध्ये अ‍ॅलन गेला. आता सर्वांत चांगला कोण, हा प्रश्न उघडा पडला आणि तो सोडवायला प्रेस्टविकच्या क्लबानं स्पर्धा भरवली. 17 ऑक्टोबर 1860. आठ खेळाडू. बारा होलचं मैदान, त्याला एकाच दिवशी तीन फेऱ्या. या आठ जणांचे कपडे इतके यथातथा होते की क्लबाच्या उमरावानं आपल्या इस्टेटीवरच्या मजुरांची चौकड्यांची जाकिटं त्यांना घालायला दिली, असं सांगतात. टॉमच जिंकणार असं सगळे धरून चालले होते. जिंकला मसलबरोचा एक जुना कॅडी, विली पार्क. 174 फटके. टॉमचे 176. पुढच्या वर्षी स्पर्धा हौशी खेळाडूंसकट सगळ्यांना खुली केली, म्हणून नाव ओपन.

बक्षीस काय, तर लाल मोरोक्को चामड्याचा पट्टा, त्याला चांदीचं बक्कल. रोख रक्कम शून्य. 1863 ला 10 पौंड ठेवले, तेही दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला वाटून. जिंकणाऱ्याला पट्टा मिळतोय तेवढा बस. आणि पट्ट्याची अट ऐकण्यासारखी आहे. जिंकणाऱ्यानं पट्टा नीट सांभाळण्याची समितीला पटेल अशी हमी आणून द्यायची. तोवर पट्टा क्लबाच्या खजिनदाराकडे. म्हणजे स्पर्धा जिंकलास, शाबास, पण जामीन कोण?

ही अट वाचली तेव्हा मला हसू आलं, आणि मग एक जुनी गोष्ट आठवून ते विरलं. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. आजीनं मोठं झाकणाचं पातेलं आणलं आणि मला पिटाळलं, "जा, नाव घालून आण." मी आठवी-नववीत असेन. काकांनी यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, "मुलीचं नाव काय घालू?" मला माहीत नव्हतं. मावशी बारा वर्षं येत होत्या, ती मुलगी कितीदा आमच्या ओट्यावर बसून लाडू खाऊन गेली होती, आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. शेवटी काकांनी आजीचंच नाव घातलं, 'यांजकडून सप्रेम भेट'. वरती रिकामी जागा राहिली. आजी काही बोलली नाही. मावशींना वाचता येत नव्हतं.

असो. टॉम मॉरिसनं तो पट्टा चारदा जिंकला: 1861, 62, 64 आणि 67. 1862 ची त्याची 13 फटक्यांची आघाडी ओपनमध्ये अजून कुणी मोडलेली नाही. 1867 ला तो 46 वर्षांचा होता, आणि त्याच्याहून वयस्क विजेता आजवर झालेला नाही. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा जिंकला. त्याचंही नाव टॉम, म्हणून बाप ओल्ड टॉम आणि पोरगा यंग टॉम. पोराचं वय सतरा. हाही विक्रम अजून तसाच. त्यानं 1869 आणि 1870 पण घेतलं. 1870 ला तर 36 होल 149 फटक्यांत, दुसऱ्याला 12 फटके मागे टाकून. लागोपाठ तीनदा जिंकेल त्याचा पट्टा कायमचा, असा नियम होता. नियम करणाऱ्यांना असं कुणी करील असं बहुधा वाटलंच नसावं. एकोणीस वर्षांचा पोरगा पट्टा घेऊन घरी गेला आणि 1871 मध्ये द्यायला काही नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही. महायुद्धांची वर्षं आणि 2020 ची साथ सोडली तर ओपन खंडित झाली ती एवढीच. मला ही जागा फार आवडते. गवत राखणाऱ्याच्या मुलानं बड्यांचा खेळ वर्षभर बंद पाडला, तोही त्यांच्याच नियमानं.

मग तीन क्लबांनी दहा-दहा पौंड काढून एडिंबराच्या कारागिरांकडून जग घडवून घेतला. तो तयार झाला 1873 ला. 1872 ची स्पर्धा यंग टॉमनंच जिंकली होती, त्याला पदकावर भागवलं. त्यामुळे जगवर पहिलं नाव त्याचं, पण जग पहिल्यांदा हातात आला तो टॉम किडच्या. यंग टॉमला तो कधीच मिळाला नाही.

1875 च्या सप्टेंबरात बाप-लेक नॉर्थ बेरिकला विली पार्क आणि त्याच्या भावाविरुद्ध सामना खेळत होते. सामना संपता संपता तार आली: बायको अडली आहे, ताबडतोब निघ. कुणीतरी आपलं जहाज दिलं, खाडी ओलांडून ते निघाले. पोचेपर्यंत मार्गारेट आणि बाळ दोघंही गेले होते. त्याच वर्षी नाताळच्या सकाळी यंग टॉम अंथरुणात मृत सापडला. वय 24. सेंट अँड्र्यूजच्या पडक्या कॅथीड्रलच्या आवारात त्याचं स्मारक आहे, डोक्यावर टोपी, पुट मारायला वाकलेला. साठ गोल्फ मंडळांनी वर्गणी काढून ते उभारलं. बापाला पुढे बत्तीस वर्षं जगायचं होतं. तो मैदान राखत राहिला आणि 1895 पर्यंत, म्हणजे वयाच्या चौऱ्याहत्तरीपर्यंत, ओपन खेळत राहिला. तो कशासाठी खेळत असेल याचा विचार मी अनेकदा केला आहे.

पुढची वर्षं मी भराभर उलटते, कारण तिथे आकडेच आकडे आहेत. 1894 ते 1914 या काळातल्या एकवीस स्पर्धांपैकी सोळा तिघांनी वाटून घेतल्या: हॅरी व्हार्डन सहा, जे. एच. टेलर पाच, जेम्स ब्रेड पाच. पहिला बागेत राबलेला माळ्याचा मुलगा, दुसरा कॅडी, तिसरा सुतार. व्हार्डनचे सहा अजून कुणाला गाठता आलेले नाहीत. अमेरिकेचा टॉम वॉटसन पाचवर थांबला. 2009 मध्ये टर्नबेरीला एकोणसाठीच्या वॉटसनला सहाव्यासाठी शेवटचा होल चारात हवा होता. त्याचा फटका इतका चांगला बसला की बॉल ग्रीन ओलांडून मागे गेला, पाच लागले, आणि जादा खेळात तो हरला. त्या रात्री मी एकटीच बघत होते. बाबा तोवर गेले होते.

ही नावं चांदीवर चढत होती तेव्हा ती माणसं क्लबाच्या इमारतीत मात्र चढू शकत नव्हती. पैसे घेऊन खेळणारा तो प्रोफेशनल, आणि प्रोफेशनलनं पुढच्या दारानं यायचं नाही. कपडे बदलायचे ते दुकानात नाहीतर शेडमध्ये. 1920 मध्ये इंग्लंडमधल्या डीलला अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला. शेडमध्ये खुंटी दाखवल्यावर या पठ्ठ्यानं एक भलीमोठी मोटार भाड्यानं घेतली, क्लबाच्या दारासमोर उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलू लागला. खेळला वाईट, जवळजवळ तळाला गेला. पण 1922 ला परत येऊन जिंकला आणि बक्षिसाचा चेक कॅडीला देऊन टाकला म्हणतात.

हेगनला हसता येत होतं, कारण तो गोरा होता. सेवसंकर सेवगोलम, लोक त्याला पापवा म्हणत, याच्या बाबतीत तसं नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या भारतीय वस्तीतला हा कॅडी. काठी उलटी धरायचा, उजवा हात वर आणि डावा खाली, आणि तशा पकडीनं त्यानं डच ओपन तीनदा जिंकली. 1963 मध्ये त्यानं घरच्या नाताळ प्रांताची ओपन स्पर्धा जिंकली. पाऊस आला. गोरे खेळाडू क्लबात गेले. पापवाला आत जायला वर्णभेदाचा कायदा आडवा आला आणि त्याला करंडक बाहेर पावसात दिला गेला. तो फोटो जगभर छापून आला. मी हे स्कॉटलंडच्या गोष्टीत घुसडते आहे याची मला कल्पना आहे. पण दार तेच आहे.

आणि बायकांना? 1754 पासूनच्या सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबानं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं 2014 मध्ये. क्लॅरेट जगसाठी दहा पौंड देणाऱ्या तिघांपैकी एक, म्यूरफील्डचा क्लब, 2016 च्या मतदानातही नाहीच म्हणाला. ओपन तुमच्याकडे होणार नाही, असं ऐकवल्यावर वर्षभरात मत बदललं. 2022 ला बायकांची ओपन पहिल्यांदा तिथे झाली आणि दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाई जिंकली. वेळ लागला म्हणायचं.

क्लॅरेट जगवर अजून भारतीय नाव नाही. सर्वांत जवळ गेला शुभंकर शर्मा, 2023 ला हॉयलेकला संयुक्त आठवा. आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2015 च्या अमेरिकेतल्या पीजीए चँपियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला होता, पण ती वेगळी स्पर्धा. मला मात्र ओल्ड टॉमचं नाव वाचताना आठवतो तो एस. एस. पी. चौरसिया. कोलकात्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. चौरसियाचे वडील तिथे मैदान राखायचे. पोरगा तिथेच वाढला, तिथेच खेळायला शिकला आणि 2016 व 2017 अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. ही इंडियन ओपन 1964 मध्ये सुरू झाली ती ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनच्या खटपटीतून, आणि पहिली स्पर्धा जिंकलीही त्यानंच. त्याचं नाव क्लॅरेट जगवर पाचदा आहे.

जगवरची जागा कधीच संपली. खाली बैठकीला चांदीच्या पट्ट्या जोडल्या आहेत आणि नावं आता तिथे चढतात. शिवाय 1928 पासून विजेत्याला मिळते ती नक्कल, मूळ जग सेंट अँड्र्यूजच्या कपाटात असतो. नक्कलही वर्षानं परत करायची. जामीन मात्र आता कुणी मागत नाही.

2027 ची ओपन सेंट अँड्र्यूजला आहे. तिथल्या प्रत्येक होलला नाव आहे, आणि अठराव्याचं नाव 'टॉम मॉरिस'. त्याच्या काठालाच ओल्ड टॉमचं दुकान होतं. रविवारी रात्री आपल्याकडे अकरा-साडेअकरा झाले असतील. कुणीतरी शेवटचा पुट मारायला वाकेल, आणि बाजूला तो कारागीर नाव कानावर पडायची वाट बघत बसलेला असेल. त्याला एक फायदा आहे. नाव काय घालू, असं विचारल्यावर तिथे सगळ्यांना ते माहीत असतं.